आधी नळ, मग मजले

2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या बाणेर आणि बालेवाडीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध घातले. तिथे टोलेजंग इमारती भराभर उभ्या राहत होत्या, माणसं राहायला येत होती आणि नळाला पुरेसं पाणी नव्हतं. सोसायट्या टँकरवर दिवस काढत होत्या. बांधकाम व्यावसायिक परवानगी घेताना हमीपत्र लिहून देत, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. सदनिका विकून झाल्या की ते हमीपत्र फायलीत राही आणि टँकरचं बिल रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येई.

वाढत्या शहराचं दुखणं समजून घ्यायला हे एक प्रकरण जवळजवळ पुरेसं आहे. शहरात माणसं फार झाली म्हणून हाल होतात, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. पुण्यातल्या जुन्या पेठा उपनगरांपेक्षा दाट आहेत, आणि तरी तिथे भाजी, शाळा, दवाखाना, बसथांबा सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हाल होतात ते क्रम उलटल्यामुळे. पाण्याची वाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, रस्ता आणि बस आधी यायला हवी, इमारत नंतर. आपल्याकडे इमारत आधी येते, बाकीचं दहा-पंधरा वर्षांनी येतं, आणि तोवर जे बांधून झालं त्याच्या फटीतून वाट काढत येतं. म्हणून ते महागही पडतं आणि अपुरंही.

हा क्रम का उलटतो आणि तो सरळ करायचा तर काय करावं लागेल, ते पुण्याच्याच उदाहरणाने पाहू.

पाणी धरणात आहे, मग नळाला का नाही?

पुण्याला पाणी देणारी धरणं चार: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही भरली की मिळून सुमारे 29.15 टीएमसी पाणी साठतं. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. हा आकडा पेपरात रोज असतो, पण त्याचा अंदाज येत नाही, म्हणून जरा हिशेब करून बघू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं असं सरकारी मानक धरतं. त्या मानकाने एक टीएमसी पाणी पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरतं. म्हणजे 60 लाख माणसं धरली तरी साडेदहा टीएमसीत भागायला हवं.

प्रत्यक्षात महापालिका गेल्या काही वर्षांत 20 टीएमसीच्या आसपास पाणी उचलते आहे. तरीही धायरीत, वाघोलीत, उंड्रीत टँकर फिरतात.

याची कारणं दोन. पहिलं, गळती. वाहिन्या जुन्या आहेत, काही ठिकाणी पाणी चोरून घेतलं जातं, आणि मीटर नसल्यामुळे पाणी नेमकं कुठे जातं हे मोजताच येत नाही. दुसरं, वाटणी. टाकीच्या जवळ आणि उतारावर राहणाऱ्याला धो धो पाणी मिळतं, टोकाला आणि चढावर राहणाऱ्याला बादलीभर. शहरभर नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि मीटर बसवण्याची समान पाणीपुरवठा योजना याच्यासाठी आहे. मीटर म्हटलं की लोक बिचकतात, बिल वाढेल म्हणून. पण मीटरचा पहिला उपयोग बिलासाठी नसतो. टाकीतून किती पाणी सुटलं आणि घरोघरी किती पोचलं यातली तफावत तोच दाखवतो. ती कळल्याशिवाय गळती सापडत नाही.

आणखी एक गोष्ट पुणेकर पटकन विसरतात. ही धरणं एकट्या पुण्याची नाहीत. त्याच पाण्यावर कालव्यातून हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतली शेती चालते. शहराने जास्त पाणी उचललं की उन्हाळ्याचं एखादं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, कमी होतं आणि कोणाचा तरी ऊस किंवा चारा वाळतो. याच्यावर तोड म्हणून मुंढव्याचा प्रकल्प आला. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं, मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून उचलायचं आणि शेतीला जाणाऱ्या बेबी कालव्यात सोडायचं, वर्षाला 6.5 टीएमसी. कल्पना उत्तम आहे. शहराने वापरलेलं पाणी शेताला मिळतं आणि धरणातल्या पाण्यावरचा ताण कमी होतो. पण सगळं त्या 'शुद्ध' शब्दावर अवलंबून आहे. अर्धवट शुद्ध पाणी कालव्यात गेलं की तक्रार करणारा शेतकरी अगदी बरोबर असतो.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं, असं अभियंते धरून चालतात. म्हणजे पाणीपुरवठा दुप्पट केला की सांडपाणीही दुप्पट होतं. नळयोजनेचं उद्घाटन सगळे करतात, मैलापाणी केंद्राची वाट कोणी बघत नाही. पुण्यात 11 नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा जपानी कर्जातला प्रकल्प, ज्याला सगळे 'जायका' म्हणतात, 2016 च्या सुमारास मार्गी लागला. त्याची क्षमता रोज सुमारे 39.6 कोटी लिटर. जागा मिळवणं, निविदा, फेरनिविदा यांत वर्षं गेली, आणि त्या वर्षांत शहर थांबलं नव्हतं. मुळा-मुठेत जे सोडलं जातं ते भीमेतून उजनी धरणात जाऊन साठतं, आणि उजनीच्या पाण्यावर सोलापूर अवलंबून आहे. पुण्याचं राहण्याजोगेपण पुण्यापुरतं मोजता येत नाही ते यामुळे.

गाव शहरात येतं तेव्हा

पुणे महापालिका 1950 साली स्थापन झाली. त्यानंतर शहर आजूबाजूची गावं पोटात घेत वाढलं. 1997 साली मोठ्या संख्येने गावं आली, त्यातली काही नंतर वगळली आणि 23 राहिली. 2017 मध्ये 11 आली. 2021 मध्ये आणखी 23 आली, आणि क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईलाही मागे टाकून राज्यात सर्वात मोठी झाली, 500 चौरस किलोमीटरच्या वर.

ही गावं शहरात येतात कधी? वस्ती पूर्ण वाढल्यावर. हीच खरी अडचण आहे.

शहराच्या वेशीवर जमीन स्वस्त असते. शहरात घर न परवडणारा माणूस, म्हणजे रिक्षावाला, सुरक्षारक्षक, छोट्या कारखान्यातला कामगार, नुकतं लग्न झालेलं जोडपं, वेशीवर एखादा गुंठा घेतो. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शेतकरी एक एकराचे तुकडे पाडतो, मध्ये दहा-बारा फुटांची वाट ठेवतो आणि विकतो. एकेका गुंठ्यावर तीन-चार मजली घर उभं राहतं. ग्रामपंचायतीकडे ना अभियंता, ना आराखडा, ना नकार द्यायची ताकद. धनकवडी, कात्रज, आंबेगाव, धायरी इथल्या कितीतरी वस्त्या अशा उभ्या राहिल्या. 2001 मध्ये राज्याने अशी घरं नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा केला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घराला कागद मिळाला, हे चांगलंच झालं. आयुष्याची पुंजी घातलेल्या माणसाला टांगणीवर ठेवणं बरोबर नव्हतं. पण कागदाने दहा फुटांची वाट वीस फुटांची होत नाही. त्या वाटेत आगीचा बंब शिरत नाही, आणि पाण्याची व मैलापाण्याची वाहिनी एकमेकींना खेटून टाकावी लागते.

वाहिन्या अशा खेटून असण्याचा धोका काय, हे पुस्तकी वाटू शकतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. जीबीएस हे नाव तेव्हा घराघरांत पोचलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लागतं. पोटात झालेल्या जंतुसंसर्गानंतर तो होऊ शकतो, आणि अनेक रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला. संशय पाण्याकडे वळला. तेव्हा बाहेर आलं ते असं, की या गावांतल्या मोठ्या भागाला विहिरीतलं पाणी नुसता जंतुनाशक डोस देऊन पुरवलं जात होतं, शुद्धीकरण केंद्रातून न जाता. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गावं महापालिकेत येऊन तीन-चार वर्षं झाली होती, मालमत्ता कराची बिलं पोचली होती, शुद्धीकरण केंद्र पोचलं नव्हतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची गोष्ट आणखी वेगळी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं या गावांच्या हद्दीत उघड्यावर टाकला गेला. विहिरी नासल्या, आगी लागल्या, गावकरी गाड्या अडवत राहिले. 2017 मध्ये ही गावं महापालिकेत आली, आणि 2024 मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. ज्यांच्या अंगणात शहराने आपला कचरा ओतला त्यांना त्या शहरात राहावंसं वाटलं नाही, यात मला काही नवल वाटत नाही.

कचऱ्याच्या बाबतीत एक चांगलंही पुण्यानेच दाखवलं. 1993 साली इथे कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातून 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांचीच सहकारी संस्था झाली आणि तिने महापालिकेशी करार करून घरोघरी जाऊन कचरा गोळा करायला सुरुवात केली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायका दारात येऊन ओला-सुका वेगळा घेऊ लागल्या. कचरा दारातच वेगळा झाला तर डेपोत जायला फार थोडा उरतो. यात मोठं यंत्र नाही, हजारो कोटींची निविदा नाही, म्हणून अशा कामाची चर्चा कमी होते.

ओढ्याची जागा

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रज ते दांडेकर पूल या पट्ट्यात आंबिल ओढ्याला पूर आला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या रात्री पुणे परिसरात वीसपेक्षा जास्त जीव गेले. अनेक तरुण पुणेकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपल्या गल्लीमागचं गटार हा मुळात ओढा आहे.

हा ओढा पुण्याच्या इतिहासात मानाचा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला याच ओढ्यावर तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. ज्या शहराला अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी ओढ्याचं मोल कळलं होतं, त्याच शहराने पुढे तो ओढा भिंतींत कोंडला, वळवला, आणि त्याच्या काठावर कधी झोपड्या तर कधी इमारती होऊ दिल्या.

पावसाचं गणित साधं आहे. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर जागेवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. माती आणि झाडं असतील तर त्यातलं बरंच मुरतं, आणि उरलेलं हळूहळू वाहतं. तिथे सिमेंटचं आवार, पेव्हर ब्लॉक आणि छत आलं की जवळजवळ सगळं वाहतं, तेही एकाच वेळी. म्हणजे डोंगरउतारावर बांधकाम वाढलं की खालच्या ओढ्यात येणारं पाणी वाढतं. आणि नेमक्या त्याच वर्षांत खाली ओढ्याची रुंदी कमी होत असते. वरून जास्त, खाली जागा कमी. टेकड्या वाचवा म्हणणाऱ्यांना निसर्गवेडे म्हणून बाजूला सारलं जातं, पण टेकडी वाचवणं हा पूर रोखण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. 1997 मध्ये आलेल्या गावांतल्या सुमारे 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. त्यातली कितीतरी जमीन खाजगी आहे, मोबदल्याचा प्रश्न रेंगाळलेला आहे, आणि मोबदला रेंगाळला की रात्रीतून पत्र्याच्या शेडा उभ्या राहतात.

नदीच्या बाबतीत दोन रेषा प्रत्येकाने ओळखायला हव्यात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द. तिच्या आत बांधकाम करायचं नाही. लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. निळ्या आणि लालच्या मध्ये बांधायचं तर कडक अटींवर. मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला 60 हजार घनफूट विसर्गावर आखलेली आहे. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून त्याहून खूपच कमी, 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर काढावं लागलं. निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यात ही अवस्था. याचा अर्थ नदीची पाणी वाहून न्यायची जागा मध्यंतरीच्या वर्षांत आक्रसली आहे: राडारोडा टाकून, भराव घालून, पात्रात रस्ते काढून. जलसंपदा खातं पाणी सोडतं, महापालिका काठ सांभाळते, हवामान खातं इशारा देतं, आणि मध्यरात्री सोसायटीच्या वॉचमनला उठवून सांगायचं काम नेमकं कोणाचं, हे ठरलेलं नसतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून आहेत. त्या शहराला तरी हे नीट ठरवता आलं पाहिजे.

बस हा मुख्य उपाय आहे

रस्त्यांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि फक्त कोणी करत नाही.

2018 मध्येच पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेली. यावर उड्डाणपूल हे उत्तर आहे असं प्रत्येक चौकात वाटतं. पूल झाला की वर्षभर बरं वाटतं. मग आधी बसने किंवा वेगळ्या वेळी जाणारे लोक गाडी काढतात, पुलाच्या टोकाला नवी बांधकामं येतात, आणि कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसते. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला, मेट्रोला अडचण होत होती म्हणून. पंधरा वर्षंही झाली नव्हती. पूल बांधताना पुढच्या तीस वर्षांत तिथून काय जायचं आहे याचा विचार झाला असता तर हे टळलं असतं.

शहरी वाहतुकीच्या सरकारी मानकाप्रमाणे दर लाख लोकांमागे 60 बस असल्या तर सेवा चांगली म्हणायची. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून 60 लाख लोक धरले तरी 3,600 बस हव्यात. दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीच्या ताफ्यात आहेत 2 हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या काही रोज दुरुस्तीला उभ्या असतात. दर दहा मिनिटांनी बस असेल तर माणूस वेळापत्रक न बघता घराबाहेर पडतो. अर्ध्या तासाने असेल तर एक बस चुकली की नोकरीचा खाडा होतो, आणि मग तो माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो. एकदा दुचाकी घेतली की तो बसकडे परत येत नाही. म्हणून बस वेळेवर, म्हणजे वस्ती नवी असतानाच पोचायला हवी.

2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली जलद मार्गिका, पुण्यात सुरू झाली होती. बसला स्वतःची मोकळी मार्गिका ही कल्पना चूक नव्हती. ती तुटक केली, थांब्यांवर रस्ता ओलांडायची सोय नीट केली नाही, दुचाक्या शिरू दिल्या, आणि मग चालत नाही म्हणून नगर रस्त्यावरची उखडलीसुद्धा. आता मेट्रो आली आहे. मार्च 2022 मध्ये पहिले टप्पे सुरू झाले, सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंत गेली. मेट्रोचा फायदा व्हायचा असेल तर स्थानकापर्यंत चालत जाता आलं पाहिजे आणि तिथून बस मिळाली पाहिजे. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद पदपथ बघा. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बसलेले असतात, पोरं खेळत असतात. तसा पदपथ कोंढव्याला किंवा वारज्याला का नको?

पीएमपीची दरवर्षीची तूट पुणे आणि पिंपरी महापालिका 60 आणि 40 टक्के अशी वाटून भरतात. त्या तुटीवर दरवर्षी ओरड होते. पथदिव्यांनी किती कमावलं असं कोणी विचारत नाही. बसही तशीच शहराने सर्वांसाठी चालवायची सेवा आहे.

मग क्रम का उलटतो?

याचं उत्तर पैशात आणि जमिनीत आहे, आणि हा भाग जरा किचकट आहे.

महापालिकेचं पूर्वीचं मोठं उत्पन्न म्हणजे जकात. 2013 मध्ये पुण्यातली जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला, आणि 2017 पासून जीएसटीच्या भरपाईवर अवलंबून राहावं लागलं. हातात राहिलेले मोठे स्रोत दोन: मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्यांतून मिळणारं शुल्क. परवानगी दिली की पैसा लगेच येतो. वाहिनी टाकायचा खर्च नंतर येतो, आणि तो कदाचित पुढच्या आयुक्तांच्या काळात. ज्या यंत्रणेला परवानगी देऊनच पगार भागवायचे आहेत, ती 'आधी पाणी, मग परवानगी' असं कसं म्हणेल? बाणेर-बालेवाडीत ते न्यायालयाला म्हणावं लागलं.

परवानगी किती बांधकामाची, हे ठरतं एफएसआयवर. भूखंड 1,000 चौरस मीटर आणि एफएसआय 1.1 असेल तर सगळे मजले मिळून 1,100 चौरस मीटर बांधता येतं. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन दिलेल्याला रोख पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधायचा हक्क मिळतो, आणि तो विकता येतो. पैसे भरूनही जादा एफएसआय मिळतो. मेट्रो स्थानकांच्या आसपास 500 मीटरमध्ये 4 पर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे. स्थानकाजवळ जास्त माणसं राहावीत हे योग्यच. पण तिथली मैलापाण्याची वाहिनी बंगल्यांच्या काळातली असेल तर चौपट माणसांचं पाणी ती नेणार नाही. जादा एफएसआयमधून आलेला पैसा त्याच भागातल्या वाहिन्यांवर, आणि मजले चढायच्या आधी खर्च व्हावा, असं बंधन घातलं तर अर्धा प्रश्न सुटेल, असं माझं ठाम मत आहे.

आता जमीन. विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात, नकाशावर रस्ते, शाळा, बागा, दवाखाने यांची आरक्षणं दाखवतो. पण आरक्षण टाकल्याने जमीन मिळत नाही, ती संपादित करावी लागते. 1966 च्या नगररचना कायद्यात तरतूद आहे, की दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात अन्याय नाही. एकाच्या शेतावर बागेचं आरक्षण पडतं आणि त्याची जमीन अडकते, शेजाऱ्याच्या शेतावर निवासी पट्टा येतो आणि तो कोट्यधीश होतो. मग पहिला मालक आरक्षण उठवण्यासाठी जिवाचं रान करणारच.

यावरचा उपाय जुना आहे आणि आपल्याच राज्यातला आहे. 1915 सालच्या मुंबई नगररचना कायद्याने नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम आणली. सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढून घ्यायची. उरलेली जमीन नीट चौकोनी भूखंड करून त्याच मालकांना प्रमाणात परत द्यायची. प्रत्येकाची जमीन कमी होते, समजा एकराची सव्वीस-सत्तावीस गुंठे उरते, पण प्रत्येकाला रस्ता मिळतो आणि भाव वाढतो. तोटा एकाच्या बोकांडी बसत नाही. वाहिन्या टाकायला जागा आधीच हातात असते. पुण्यात शिवाजीनगर, म्हणजे तेव्हाचं भांबुर्डा, अशा योजनेतून आखलं गेलं. तिथले सरळ रस्ते आणि झाडी आपण आजही जपतो. गुजरातने हा कायदा सोडला नाही. अहमदाबादभोवतीच्या 76 किलोमीटरच्या रिंग रोडसाठी बरीचशी जमीन अशाच योजनांतून मिळवली गेली. आपण मधली अनेक दशकं ही वाट जवळजवळ विसरलो. अलीकडे पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने, म्हाळुंगे-माणसारख्या ठिकाणी ती पुन्हा धरली आहे. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काय होतं हे हडपसरच्या मगरपट्ट्याने सरकारी योजनेशिवायही दाखवलं: सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र केली, रस्ते आणि वाहिन्या आधी आखल्या आणि मालकी राखून शहर वसवलं.

नागरिकाच्या हातात काय आहे

पुणे महापालिकेत मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होते. वेशीवरच्या गावांसह सगळ्या महानगर प्रदेशासाठी पीएमआरडीएने 2021 मध्ये काढलेल्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2025 मध्ये सरकारने तो रद्द केला. म्हणजे या गावांचा नकाशा नव्याने निघणार आहे, आणि त्यावर बोलायची संधी पुन्हा येणार आहे.

प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी कायद्याने मुदत असते. बहुतेक लोकांना ती संपल्यावर कळतं. नकाशात आपलं घर सापडल्यावर तिथे थांबू नका. गट नंबर लावून ओढा बघा: गावच्या जुन्या नकाशात ओढा जेवढा रुंद आहे तेवढा नव्यात आहे का, की मध्येच नाहीसा झाला आहे? टेकडीचा उतार निवासी दाखवला आहे का? पाण्याची टाकी आणि मैलापाणी केंद्र यांची जागा ठेवली आहे का? शाळेचं आणि दवाखान्याचं आरक्षण सरकारी जमिनीवर आहे, की अशा जमिनीवर जी कधी मिळणारच नाही? हरकत एका पानाची चालते. गट नंबर, काय चुकलं, काय हवं, एवढं लिहा आणि पोच घ्या. सुनावणीला बोलावलं की जा. दहा शेजाऱ्यांनी मिळून गेलेलं बरं.

नवं घर घेणाऱ्याने विक्रीच्या कार्यालयात स्विमिंग पूल बघण्याआधी तीन कागद मागावेत: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, पाण्याच्या मंजूर जोडणीचा पुरावा, आणि सांडपाणी कुठे जातं याचं लेखी उत्तर. जिथे पाण्याची सोय 'हमीपत्रावर' आहे तिथे टँकरचा महिन्याचा खर्च विचारून तो घराच्या हप्त्यात मिळवून बघावा. आणि प्रभागातल्या छोट्या कामांसाठी 2006 पासून पुण्यात नागरिकांकडून अर्थसंकल्पात कामं सुचवून घेतली जातात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. पदपथाचा तुटलेला तुकडा, बसथांब्यावरचं छप्पर, ओढ्यावरची जाळी अशी कामं त्यातून होतात. मागणाऱ्यांची संख्या आजवर फार कमी राहिली आहे.